अंबाजीच्या लायसनची मुदत

नीराबाई शाळेच्या बसच्या दारात उभी राहते. गेली तेरा वर्षं तिचं हेच काम आहे.

बस म्हणजे सतरा सीटची मिनीबस. सकाळी सव्वासहाला ती चौल नाक्यावरून निघते, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यांनी फिरते, रेवदंड्याच्या बाजूची पोरं घेते आणि साडेसातला शाळेच्या फाटकात शिरते. दुपारी तोच फेरा उलटा. पोरांसाठी दार एकच, डाव्या अंगाला. त्या दारात उभं राहून पोरं वर घ्यायची, खाली उतरवायची आणि सगळं ठीक असलं की पत्र्यावर दोनदा थाप मारायची. थाप पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही.

नीराबाई पोरं मोजत नाही, पाण्याच्या बाटल्या मोजते. पोरगं उतरलं आणि बाटली राहिली की ती मागून हाक मारते. एकदा उलटं झालं. बाटली उतरली, पोरगं राहिलं. ते मागच्या सीटखाली झोपलं होतं आणि त्याची बाटली बहीण घेऊन गेली होती. तेव्हापासून नीराबाई शेवटी वाकून सीटखालीही बघते.

कामाला ती लागली तीही ठरवून नाही. मुलगी, प्रणाली, पहिलीत होती आणि बसमध्ये रोज उलटी करायची. म्हणून नीराबाई पिशवी घेऊन सोबत जायची. महिनाभरानं ड्रायव्हर रावजी म्हणाला, "बाय, तू रोज येतेसच. मंग दारात उबी तरी ऱ्हा." प्रणालीच्या उलट्या दुसरीत थांबल्या. नीराबाई दारातच राहिली.

वय पंचेचाळीस. अंगानं बारीक, आवाज मोठा. साडीखाली कापडी बूट घालते, कारण चपलेनं पायरीवरून घसरायला होतं. फार बोलत नाही, पण विचारलं तर सांगते. एखादी आई फाटकात विचारते, "आमचा बाळ बसमध्ये दंगा करतो का हो?" नीराबाई म्हणते, "करतो." ती आई पुढं काहीतरी गोड ऐकायला थांबलेली असते. पुढं काही येत नाही.

घर चौलच्या मागं, डोंगराच्या अंगाला. भाताची थोडी जमीन, चार आंबे, एक म्हैस होती ती विकली. घरात सासू आवडाबाई, दोन वर्षांपूर्वी खुबा मोडल्यापासून खाटेवर. प्रणाली अलिबागच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आणि नवरा अंबाजी बहारीनला.

अंबाजी गेला तेव्हा प्रणाली चार वर्षांची होती. तिथं तो एका बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे पाव भरायचे आणि दुकानोदुकानी टाकत जायचं. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी. सोळा वर्षांत तो घरी किती राहिला याचा हिशोब प्रणालीनं एकदा केला होता. दीड वर्षही भरलं नाही. तिनं तो आकडा आईला सांगितला. नीराबाई म्हणाली, "मंग?" आणि तांदूळ निवडत राहिली.

एप्रिलात रावजीनं सांगितलं की या जूनपासून आपण गाडीवर बसणार नाही. गुडघे गेले. बसचा मालक भावेश, पस्तिशीचा, चार गाड्या शाळांना लावलेला माणूस. तो नीराबाईला म्हणाला, "मावशी, काका कधी येतायत? घरचा ड्रायव्हर मिळाला तर मला बाहेर शोधायला नको. लायसन चालू असलं म्हणजे झालं. पुढचं बॅज-बिज माझ्याकडं लागलं."

नीराबाईनं अंबाजीला फोन केला. तो लगेच हो म्हणाला. चार जूनला त्याचं काँट्रॅक्ट संपत होतं, ते पुढं वाढवत नाही म्हणाला. आजवर इतक्यांदा विषय निघाला होता, आणि दर वेळी "अजून दोन वर्षं" असंच उत्तर यायचं. या वेळी त्यानं पगारही विचारला नाही. नीराबाई फोन ठेवून थोडा वेळ तशीच ओट्याशी उभी राहिली. मग आत जाऊन सासूला म्हणाली, "आई, ते येतायत. कायमचे."

आवडाबाई म्हणाली, "आता येऊन काय माजे पाय दाबणार हाय?" पण त्या दिवशी ती भाकरी एक जास्त जेवली.

लायसनचं प्रणालीच्या लक्षात आलं. कपाटातल्या जुन्या पाकिटात ते होतं. अंबाजीचा तिशीतला फोटो, भरपूर केस. मुदत गेल्या वर्षीच्या एकतीस मेला संपलेली. गुरुजींनी शाळेत घालताना एक जून ही जन्मतारीख लावली होती. त्या हिशोबानं पन्नास पूर्ण झाले आणि लायसन संपलं. तिकडं तिकडचं वेगळं लायसन, त्यामुळं याच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

प्रणालीनं मोबाइलवर सगळे नियम काढले. मुदत संपून वर्ष व्हायच्या आत अर्ज केला तर साधं नूतनीकरण. वर्ष उलटलं की पुन्हा शिकाऊ लायसन, पुन्हा परीक्षा, पुन्हा गाडी चालवून दाखवायची. त्यात दीड-दोन महिने जाणार. शाळा पंधरा जूनला उघडणार. भावेश तोवर थांबणार नव्हता. हे त्यानं तोंडावर सांगितलं होतं.

"म्हणजे एकतीस मेच्या आत," प्रणाली म्हणाली. "पण पप्पा तर पाच जूनला येणार."

"मंग?"

"ऑनलाइन होतं. फॉर्ममध्ये कुठं विचारलेलं नाही माणूस कुठं आहे ते. आधारचा ओटीपी लागतो, तो आपल्याकडंच येतो."

ते खरं होतं. अंबाजीचं इथलं सिमकार्ड नीराबाईच्या बटणांच्या फोनमध्ये होतं. सोळा वर्षं ती ते जिवंत ठेवत आली होती. त्यावर बँकेचे मेसेज यायचे, गॅसचे यायचे, मतदानाच्या वेळी पुढाऱ्यांचे यायचे. अंबाजीला आलेले सगळे निरोप नीराबाईच वाचायची.

फॉर्म भरला. ओटीपी आला. जुना फोटो चालेना म्हणून अंबाजीनं नवा पाठवला. एकच गोष्ट अडली. चाळिशीच्या पुढं डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरनं माणूस तपासून, डोळे बघून, स्वतःच तो ऑनलाइन चढवायचा.

चौलचे डॉक्टर म्हातारे होते. आवडाबाईला बघायला महिन्यातून एकदा स्कूटरवरून घरी यायचे. प्रणालीनं त्यांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "समोर बघितल्याशिवाय दाखला कसा देऊ गं?" मग म्हणाले, "अंबाजी ना? त्याला मी गोवर आला तेव्हापासून बघतोय." मग म्हणाले, "व्हिडिओवर बघू. पण डोळे तपासणार हं मी. उगाच सही करणार नाही."

पंचवीस मेला दुपारी चारला डॉक्टर आले. आवडाबाईचं ब्लडप्रेशर बघितलं. प्रणालीनं व्हिडिओ लावला. अंबाजी दिसला. खोलीतल्या खाटेवर बसलेला, केस भिजवून भांग पाडलेला.

"काय अंबाजीशेठ! किती जाडा झालास रे!"

"पाव खाऊन, डॉक्टर."

"साखर आहे का?"

"न्हाय."

"चक्कर, फेफरं, असलं काही?"

"न्हाय न्हाय."

खाटेवरून आवडाबाई ओरडली, "त्याला म्हनावं केसाला तेल लाव."

डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली. डोळे तपासायचा तक्ता दवाखान्यात होता. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. मागच्या पानांवर राशिभविष्य आणि लोणच्याच्या कृती असतात तसलं, घरोघरी असतं ते. डॉक्टर म्हणाले, "हे चालेल. नीराबाई, तुम्ही कॅलेंडरपाशी उभ्या राहा. मी तारीख सांगतो, तुम्ही बोट ठेवा. तो वाचेल. बरोबर की चूक तुम्ही सांगायचं. माझा चष्मा स्कूटरच्या डिकीत राहिलाय. मी त्याच्याकडं बघतो, लबाडी करतो का ते."

प्रणालीनं फोन कॅलेंडरसमोर धरला. डॉक्टर तिच्या शेजारी उभे राहिले.

"अंबाजी, डावा डोळा झाक. पूर्ण. हां. आठ तारीख."

नीराबाईनं आठवर बोट ठेवलं. अंबाजीनं तिथली तिथी वाचली.

"बरोबर?"

"बरोबर."

"एकवीस."

तेही बरोबर आलं. बारीक अक्षरातलं नक्षत्रही त्यानं वाचलं. डॉक्टर खूश झाले. "माझ्यापेक्षा बरे आहेत रे तुझे डोळे. आता उजवा झाक. तळवा लाव. सोळा तारीख."

नीराबाईनं सोळावर बोट ठेवलं.

अंबाजीला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "संकष्टी चतुर्थी. चंद्रोदय रात्री दहा छत्तीस."

नीराबाईनं बोटाशी बघितलं. बोटाखाली टिकली होती.

ती झोपायच्या आधी तोंड धुते तेव्हा कपाळावरची टिकली काढून समोर लागेल तिथं चिकटवते. आरशावर, दाराच्या चौकटीवर, कधी कॅलेंडरवर. सोळाच्या चौकटीत तिची लाल टिकली चिकटलेली होती. बरोबर खालच्या ओळीवर. "संकष्टी" दिसत होतं. चंद्रोदयाची वेळ दिसत नव्हती. ती टिकलीखाली होती.

तिनं नखानं टिकलीची कड उचलली. खाली १०.३६ छापलेलं होतं.

"नीराबाई, बरोबर?"

प्रणाली फोन धरून आईकडं बघत होती. फोनमध्ये अंबाजी उजव्या डोळ्यावर तळवा धरून बसला होता.

"बरोबर," नीराबाई म्हणाली.

"उत्तम. संध्याकाळी लग्नाला जायचंय, उद्या सकाळी चढवतो दाखला. चहा कर गं प्रणाली, साखर कमी."

डॉक्टर गेले. प्रणाली आनंदानं वाटीभर आमरस खात बसली. नीराबाई फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, जमवलेला पालापाचोळा तिथं रचलेला होता. ती त्याच्या आडोशाला उभी राहिली आणि तिनं अंबाजीला साधा फोन लावला.

"अवो, एक इचारू?"

"इचार की."

"सोळा तारखेचं तुमी कसं वाचलंत?"

"डोळ्यानं. आनि कशानं वाचतात?"

"त्याच्यावर माजी टिकली व्हती."

पलीकडं पंख्याचा आवाज येत होता.

"तुमच्याकडं पन त्येच कॅलेंडर हाय," ती म्हणाली. "डिसेंबरात मीच पाठवलेलं."

अंबाजी हसला. खोटं नाही, खरंच हसला. "तू पोलिसात जायला पायजे व्हतीस, नीरा."

"तुमी सांगा."

त्यानं सांगितलं. डावा डोळा गेला होता. पूर्ण अंधार नाही, पण धुरकट. कडेचं काही दिसत नव्हतं, समोरचंही आकारच दिसायचे. कधी सुरू झालं ते त्यालाही कळलं नव्हतं, कारण उजवा सगळं भागवून न्यायचा. कॅलेंडर उजव्या हाताच्या भिंतीवर होतं. तळव्याच्या कडेनं उजव्या डोळ्यानं त्यानं ते वाचलं होतं.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. डोळ्यात घालायला थेंब दिलेत."

"मंग गाडी कशी चालवता?"

"चालवतो की," तो म्हणाला. "एका डोळ्यानं चालवनारे लय हायत जगात. त्यांच्या पोटाला काय देव देतो? नि तो रस्ता काय मला नवा हाय? चौल-रेवदंडा मी डोळे मिटून..." तिथं तो थांबला.

"पोरं डाव्या दारानं उतरतात," नीराबाई म्हणाली.

"तू असशीलच ना दारात. डावीकडचं तू बघायचं, उजवीकडचं मी. तू थाप मारलीस की मी हलवनार. त्या रावजीला तरी डावीकडचं काय दिसत व्हतं? तुज्या थापेवरच चालवायचा तो."

हे अगदीच खोटं नव्हतं. नीराबाईला ते पटावंसं वाटत होतं. सकाळी सव्वासहाला दोघं एकाच गाडीवर. डबा एकत्र. तो स्टिअरिंगवर, ती दारात. सोळा वर्षांत तिनं असलं काही मागितलं नव्हतं, पण ते समोर आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे हवं होतं.

"न्हाय झालं," अंबाजी म्हणाला, "तर मी हितं परत सही करतो. दोन वर्षं. मंग बस तू वाट बघत."

फोन ठेवल्यावर ती तिथंच एका दगडावर बसली. तिला गेल्या पावसाळ्यानंतरची एक दुपार आठवत होती. ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

देवळाच्या वळणावर तेजस्वी नावाची पहिलीतली मुलगी उतरली होती. मागं दोन पोरांची मारामारी लागली म्हणून नीराबाईनं मान वळवली, त्यांना दम दिला आणि सवयीनं पत्र्यावर दोन थापा मारल्या. गाडी हलली नाही. तिनं पुन्हा थाप मारली. रावजी म्हणाला, "थांब." मोठ्यानं नाही, नेहमीच्या आवाजात. तो डावीकडच्या आरशात बघत होता. तेजस्वीची बाटली हातातून सुटून पुढच्या चाकाजवळ गेली होती आणि पोरगी ती घ्यायला वाकली होती. आरशात फक्त तिची लाल रिबीन दिसत होती.

रावजीनं नंतर विषय काढला नाही. नीराबाईला तो आठवडा जेवण गेलं नाही.

तिची थाप चुकली होती. एकदाच, पण चुकली होती. आणि त्या दिवशी गाडीत दुसरं कुणीतरी डावीकडं बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसली. डॉक्टर आले तसे म्हणाले, "आवडाबाईला काय झालं?"

"त्या बऱ्या हायत. ते सर्टिफिकेट चढवू नका."

डॉक्टर कुलूप काढता काढता थांबले. "का गं?"

"त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय."

आत गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. टिकलीसकट. डॉक्टर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते गेलं.

"मग काल बरोबर का म्हणालीस?"

"छापलेलं बरोबरच व्हतं. त्यांना दिसलं का, असं तुमी इचारलंच न्हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "असा दाखला द्यायला मी हो म्हणायलाच नको होतं." मग त्यांनी विचारलं, "शाळेची बस ना?"

"व्हय."

"तू पण त्याच बसवर?"

"व्हय."

त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि स्क्रीन तिच्याकडं वळवली. तिला त्यातलं कळलं नाही. "नाही चढवलं," ते म्हणाले. "पण एक ऐक. हा काचबिंदू असावा. गेलेलं परत येत नाही, पण दुसरा डोळा वाचवता येतो. त्याला म्हणावं थेंब एक दिवस चुकवू नकोस, आणि आल्या आल्या मोठ्या दवाखान्यात दाखव. येणार आहे ना?"

"म्हायती न्हाय," नीराबाई म्हणाली.

प्रणालीला तिनं दुपारी सांगितलं. प्रणालीनं मोबाइलवर फॉर्म उघडून बघितला. मग म्हणाली, "मला आधी विचारायचं होतंस."

"तू काय म्हनाली असतीस?"

"मी म्हणाले असते, पप्पांना घरी येऊ दे! पाच दिवस राहिलेत आई, फक्त पाच दिवस. सोळा वर्षं तू वाट बघितलीस आणि आता तूच... तू घालवलंस."

"व्हय," नीराबाई म्हणाली.

प्रणालीला भांडायचं होतं. पण समोरून "व्हय" आल्यावर भांडायला काही उरलं नाही. ती दार आपटून बाहेर गेली.

भावेशनं तर कपाळावर हात मारला. "मावशी, अहो सर्टिफिकेट हातात येत होतं ना? कुणाला काय कळलं असतं?"

"मला कळलं," ती म्हणाली.

"तुमची कमाल आहे. माणसं आपल्या नवऱ्यासाठी खोटं बोलतात, तुम्ही..." त्याची स्वतःची मुलगी याच बसनं शाळेत जायची. ते त्याला तेव्हाच आठवलं की नाही, सांगता येत नाही. तो म्हणाला, "बरं. दुसरा बघतो."

अंबाजीचा फोन बंद झाला. म्हणजे प्रणालीला यायचा, नीराबाईला नाही. नीराबाईनं डॉक्टरांचा निरोप प्रणालीकडून कळवला. त्यावर त्याचं उत्तर आलं, "कळलं." एवढंच. एकतीस मेचा दिवस उजाडला आणि गेला. प्रणालीनं रात्री जेवताना सांगितलं, "संपली मुदत." आवडाबाईनं विचारलं, "कसली?" कुणी सांगितलं नाही.

नीराबाईनं पुढची दोन वर्षं मनात धरली. पावसाळ्याआधीची कामं होती. लाकडं आत घेतली, पडवीवर ताडपत्री बांधली, मीठ-मसाला भरून ठेवला. जिथं अंबाजीची खाट टाकायची म्हणून जागा केली होती तिथं भाताच्या बियाण्याची पोती लावली.

पाच जूनला सकाळी अकराला प्रणालीचा फोन वाजला. ती बोलली आणि ओट्यावर येऊन म्हणाली, "पप्पा मुंबईत उतरलेत. पावसाळ्यामुळं बोटी बंद झाल्यात म्हणून एसटीनं येतायत."

"सुट्टीवर?"

"विचारलं नाही. तूच विचार."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला नीराबाई चौल नाक्यावर जाऊन उभी राहिली. अलिबागहून रेवदंड्याला जाणारी एसटी आली. चार माणसं उतरली, मग अंबाजी. त्यानं दांडीला धरलं आणि पायरीवरून पाय खाली सोडताना आधी बोटांनी जमीन चाचपली. तेरा वर्षं नीराबाईनं माणसं पायरीवरून उतरताना बघितली होती. तिला आणखी काही बघायची गरज नव्हती.

दोन दोरी बांधलेले खोके आणि एक बॅग. तिनं एक खोका उचलला.

"रागावलायत?" तिनं विचारलं.

"रागावलो व्हतो."

"किती दिवसांनी परत जायचं?"

अंबाजीनं बॅग खांद्याला लावली. "जायचं न्हाय. सही करायला कागदच न्हवता." तो रस्त्याकडं बघत बोलत होता. "गेल्या वर्षीच्या मार्चात तिकडचं लायसन नवीन करायला गेलो. डोळ्यात नापास केलं त्यांनी. गाडी काढून घेतली. तवापास्न गोदामात व्हतो. खोके मोजायचे, शिक्का मारायचा. आता ते पन नको म्हनाले."

"पंधरा म्हयने?"

"व्हय."

"नि मला गाडीच्या गोष्टी सांगायचात. अमक्या दुकानदारानं असं केलं, तमक्या सिग्नलला तसं झालं."

"जुन्या व्हत्या," अंबाजी म्हणाला. "खऱ्याच व्हत्या, पन जुन्या."

नीराबाईनं खोका एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळेना. म्हणून तिनं दोन्ही केलं नाही. "बुधवारी अलिबागला जायचं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय. डोळ्याच्या दवाखान्याची."

"बुधवारी कशाला, उद्याच जाऊ."

नाक्यावरून वाडीतला रस्ता घेतला. दोन्ही अंगाला रचलेल्या दगडांचे गडगे, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. ती त्याच्या उजव्या बाजूनं चालत होती. मागून एक मोटरसायकल आली, हॉर्न वाजवत डावीकडून घासून पुढं गेली. अंबाजी ती पुढं गेल्यावर दचकला.

नीराबाई त्याच्या मागून फिरली आणि डाव्या बाजूला आली.

दोन पावलांवर अंबाजी थांबला. त्यानं उजवीकडं बघितलं, मागं बघितलं. "नीरा? कुठं गेलीस?"

"हितंच हाय."

त्यानं सगळी मान वळवली तेव्हा ती त्याला दिसली. हातभर अंतरावर, काखेत खोका घेऊन. तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मान पुन्हा सरळ केली आणि चालायला लागला.

एका वाडीत कुणीतरी नारळ पाडत होतं, ते पडल्याचे आवाज येत होते.

"भावेशनं कुनाला घेतलं?" अंबाजीनं विचारलं.

"काशीदचा पोरगा हाय. रितेश म्हनून. याआधी टुरिस्ट गाड्या चालवायचा."

"आरशात बघतो का?"

"अजून बसलाय कुठं गाडीवर? पंधराला कळंल."

"तू बघ," अंबाजी म्हणाला. "पयल्या दिवशीच बघ. डाव्या आरशात बघत नसंल तर भावेशला तोंडावर सांग, हा नको म्हनून."

"सांगीन."

"तू सांगशीलच," तो म्हणाला.